कारखान्यातली मॉर्निंग मीटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, एमआयडीसी कोणतीही असो, पन्नास ते तीनशे माणसांच्या मशीन शॉपमध्ये किंवा फॅब्रिकेशन युनिटमध्ये सकाळी एक मीटिंग होतेच. बऱ्याच ठिकाणी ती पाऊण तास चालते, कालचीच कारणं आज पुन्हा सांगितली जातात आणि सगळे चहा पिऊन उठतात. खालचे प्रश्न प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स आणि स्टोअरची माणसं नेहमी विचारतात ते आहेत. उदाहरणं सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या शॉपची घेतली आहेत. फाउंड्री, प्रेस शॉप किंवा मोल्डिंगवाल्यांनी फक्त मशीनची नावं बदलून वाचावीत.

मॉर्निंग मीटिंग नेमकी कशासाठी घ्यायची?

तीन गोष्टींसाठी: गेल्या २४ तासांत काय कमी पडलं, आज काय अडू शकतं आणि ती अडचण कोण, किती वाजेपर्यंत दूर करणार. मालकांना माहिती देणं हे चौथं काम तिच्यात घुसलं की मीटिंग बिघडते. मग प्रत्येक जण साहेबांकडे तोंड करून बोलतो आणि ज्या खात्याने मदत करायची तो माणूस मोबाईल बघत बसतो.

खर्चाचा हिशोब एकदा मांडून बघा. १२ माणसं रोज ४५ मिनिटं बसली तर दिवसाला ९ तास जातात, २६ दिवसांच्या महिन्याला २३४ तास. म्हणजे एका माणसाचा महिन्याचा पूर्ण पगार आणि वर थोडे पैसे निव्वळ या मीटिंगवर जातात. तीच मीटिंग ८ जणांत १५ मिनिटांत झाली तर महिन्याला ५२ तास लागतात.

वेळ कोणती ठेवावी?

पहिली पाळी सात ते साडेतीन आणि जनरल शिफ्ट साडेआठपासून असेल तर नऊ वाजता. सातला घेतली तर क्वालिटी, स्टोअर, पर्चेसची माणसं नसतात आणि सुपरवायझर सेटिंगमध्ये अडकलेला असतो. साडेआठला घेतली तर जनरल शिफ्टच्या लोकांना रात्रीचे आकडे बघायलाही वेळ मिळत नाही. दहाला घेतली तर तोवर कस्टमरचा फोन येऊन गेलेला असतो आणि जो निर्णय मीटिंगमध्ये व्हायचा तो घाईघाईत फोनवर झालेला असतो.

नऊपर्यंत फर्स्ट पीस अप्रूव्हल (पहिला नग मोजून मंजूर करणं) उरकलेलं असतं, पहिल्या पाळीला किती माणसं आली ते कळलेलं असतं आणि दुपारची गाडी भरायला अजून चार-पाच तास हातात असतात. वेळ एकदा ठरली की हलवायची नाही. कस्टमर व्हिजिट असली तरी नाही.

कोणी यायचं?

प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, टूल रूम, स्टोअर आणि प्लॅनिंग-डिस्पॅच या सहा खात्यांचा प्रत्येकी एक माणूस. शिवाय मीटिंग चालवणारा, तो बहुतेक ठिकाणी प्रॉडक्शन मॅनेजर असतो. टाइम ऑफिसचा माणूस हजेरीचा आकडा सांगायला हवा, पण त्याने आकडा आधीच बोर्डावर लिहिला असेल तर तो नसला तरी चालतं. पर्चेसला रोज बोलवायची गरज नसते. ज्या दिवशी एखादं मटेरियल अडलेलं असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळी सांगून बोलवावं.

कसोटी सोपी आहे: येणाऱ्याला आपल्या खात्याचं काम जागेवर कबूल करता आलं पाहिजे. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस पाठवला तर त्या खात्याची खुर्ची रिकामीच समजावी.

बसून घ्यावी की उभ्याने?

उभ्याने, शॉप फ्लोअरवर, बोर्डासमोर. कॉन्फरन्स रूममध्ये एसी, खुर्च्या आणि चहा असतो, त्यामुळे पंधरा मिनिटांची चाळीस होतात. शिवाय रिजेक्ट पीस तिथे कोणी घेऊन येत नाही, आणि तो हातात असल्याशिवाय क्वालिटीची चर्चा हवेत राहते. कंप्रेसरचा आवाज असेल तर बोर्ड भिंतीच्या आड हलवा, पण फ्लोअर सोडू नका. गुडघेदुखीवाल्या ज्येष्ठांसाठी एक स्टूल ठेवायला काहीच हरकत नाही.

बोर्डावर काय काय असावं?

सेफ्टी, क्वालिटी, डिलिव्हरी, कॉस्ट असे चार रकाने जपानी पद्धतीने बहुतेकांनी लावलेले असतात. अडचण रकान्यांची नसते, आकड्यांची असते. दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, आकडे मीटिंगच्या आधी भरलेले हवेत. पावणेनऊला बोर्ड पूर्ण, ही सुपरवायझरची जबाबदारी. मीटिंगमध्ये ‘काल किती निघाले रे?’ असं विचारावं लागलं तर पाच मिनिटं तिथेच गेली. आकडे स्केचपेनने हाताने लिहावेत. संगणकातून छापून चिकटवलेला कागद कोणी वाचत नाही, आणि हाताने लिहिणाऱ्याला चुकीचा आकडा लिहितानाच लक्षात येतो.

दुसरी, टार्गेट खरं हवं. इथे बहुतेक कारखाने घसरतात. समजा सायकल टाइम, म्हणजे एक नग काढायचा वेळ, ७२ सेकंद आहे, म्हणजे तासाला ५० नग. पाळी साडेआठ तासांची म्हणून कोणीतरी टार्गेट ४२५ लिहून ठेवतं. त्यातून जेवणाचा अर्धा तास आणि चहाची दहा-दहा मिनिटं दोनदा वजा केली तर उरतात ४६० मिनिटं, म्हणजे ३८३ नग. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) बदलणं आणि फर्स्ट पीस तपासणं यांची पंधरा मिनिटं काढली की ३७०. आता ३६५ नग काढणारा ऑपरेटर खरं तर जवळपास पूर्ण काम करतोय, पण बोर्डावर रोज ६० नगांची तूट लाल अक्षरांत दिसते. मग मीटिंगची पहिली दहा मिनिटं त्या साठ नगांची कारणं ऐकण्यात जातात. कारण काहीच नसल्यामुळे ती रोज नवी शोधावी लागतात, आणि खरी तूट ज्या दिवशी येते त्या दिवशी ती या लालीत दिसत नाही.

पंधरा मिनिटांची वाटणी कशी करायची?

सेफ्टी १ मिनिट, क्वालिटी ४, आजचं डिस्पॅच ४, ब्रेकडाऊन आणि टूलिंग ३, माणसं आणि मटेरियल २, शेवटी आज लिहिलेली कामं मोठ्याने वाचायला १.

क्रम मुद्दाम असा आहे. प्रॉडक्शनचा आकडा पहिला घेतला की सगळा वेळ तोच खातो. क्वालिटी आधी घेतली तर अडकलेला माल किती हे कळतं, आणि डिस्पॅचचं बोलणं खऱ्या आकड्यावर होतं. डिस्पॅचवाल्याने ‘६०० नग द्यायचे आहेत’ म्हणायचं आणि शेवटी क्वालिटीने ‘त्यातले २०० होल्डवर आहेत’ म्हणायचं, हा उलटा क्रम रोजचा गोंधळ करतो.

सेफ्टीच्या मिनिटात ‘सगळं ओके’ एवढंच येत असेल तर प्रश्न बदला. ‘काल अपघातातून थोडक्यात कोण वाचलं?’ असं विचारलं की फोर्कलिफ्टचा रिव्हर्स हॉर्न बंद आहे, कूलंट गळून पाय घसरतोय, चिप काढायचा हुक हरवलाय अशा गोष्टी बाहेर येतात.

अडचण मांडायची कशी? एकेक जण पाच-पाच मिनिटं बोलतो.

तीन वाक्यांचा नियम ठेवा: काय झालं, संशयित माल आत्ता कुठे आहे, कोणाकडून काय हवं.

नेहमीचं बोलणं असं असतं: ‘सर, काल सेकंड शिफ्टला बोअरचा प्रॉब्लेम आला होता, ऑपरेटर नवीन होता, मी त्याला सांगितलं होतं, आज बघतो.’ यातून काहीच कळत नाही.

तेच नीट मांडलं तर: ‘काल दुसऱ्या पाळीत मशीन ४ वर २५ एच-७ बोअर मोठा आला, नो-गो आत जातोय. सव्वानऊला तपासलेला पीस ओके होता, नऊ चाळीसला पकडला. मधले २१ नग बाजूला काढून सगळे तपासले, १४ रिजेक्ट, ७ ओके, १४ रेड बिनमध्ये आहेत. मधे इन्सर्ट बदलला होता आणि नंतरचा पहिला पीस मोजलेला नाही. इन्सर्ट बदलल्यावर पीस मोजल्याशिवाय सायकल सुरू होऊ नये यासाठी काय करायचं ते क्वालिटी आणि टूल रूमसोबत ठरवायचं आहे.’

बोअर म्हणजे पीसमधलं भोक, २५ एच-७ म्हणजे त्याचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिमी. नो-गो म्हणजे भोक तपासायच्या प्लग गेजचं जे टोक आत जाता कामा नये ते, आणि रेड बिन म्हणजे रिजेक्ट पीसची लाल पेटी. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट (टूलची जागा ठरवणारा मशीनमधला आकडा) दोन-अडीच शतांश मिमीने जरी चुकला तरी पीस बाहेर जातो. हे मीटिंगमधल्या सगळ्यांना कळायला पीस आणि प्लग गेज दोन्ही समोर ठेवा. स्टोअरवाल्यानेही एकदा नो-गो आत जाताना पाहिला की ‘हे इन्सर्ट वेगळ्या कंपनीचे आलेत’ ही माहिती कधी कधी त्याच्याच तोंडून बाहेर येते.

शेवटचा ओके पीस ते पकडलेला पीस यामधला सगळा माल संशयित, ही गोष्ट मात्र मीटिंगमध्ये विचारलीच पाहिजे. चौदा रिजेक्ट सापडले एवढ्यावर थांबलं की पंधरावा कस्टमरकडे सापडतो.

चर्चा लांबत जाते, थांबवायची कशी?

एक विषय दोन मिनिटांच्या पुढे गेला किंवा दोनच माणसं आपसात बोलू लागली की मीटिंग चालवणाऱ्याने एवढंच म्हणायचं: ‘हा विषय बाजूला.’ बोर्डाच्या उजव्या कडेला ‘बाजूला’ असा छोटा रकाना ठेवा, तिथे विषय आणि दोन-तीन नावं लिहा. सव्वानऊला मीटिंग संपल्यावर तेवढेच लोक मशीनपाशी जातात, बाकीचे मोकळे.

मूळ कारण शोधणं हे काम मॉर्निंग मीटिंगचं नाहीच. टोयोटाच्या पद्धतीतलं पाच वेळा ‘का’ विचारणं मशीनसमोर होतं, पीस, ड्रॉइंग आणि ऑपरेटर हजर असताना. बोर्डासमोर आठ जणांत विचारलेल्या ‘का’ला तिसऱ्या वेळी ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ हेच उत्तर येतं.

ठरलेलं काम लिहायचं कसं?

सात रकाने पुरतात: क्रमांक, तारीख, अडचण, काम, नाव, कधीपर्यंत, स्थिती. चुका दोन रकान्यांत होतात.

‘काम’मध्ये बघणे, पाहणे, फॉलोअप घेणे, लक्ष देणे, चर्चा करणे हे शब्द लिहू देऊ नका. ‘मशीन ७ चं स्पिंडल बघणे’ हे काम कधीच पूर्ण होत नाही आणि अपूर्णही राहत नाही. ‘मशीन ७ च्या स्पिंडलचा रनआऊट डायलने मोजून आकडा बोर्डावर लिहिणे, आज दुपारी ४’ हे एकतर झालं किंवा नाही झालं.

‘नाव’मध्ये एकच नाव, आणि त्या माणसाचं, खात्याचं नाही. ‘मेंटेनन्स’ असं लिहिलं की मेंटेनन्सच्या चौघांपैकी प्रत्येकाला दुसरा करतोय असं वाटतं. गैरहजर माणसाच्या नावावरही काम टाकू नये. टाकलंच तर त्याला फोन करून ‘हो’ म्हणवून घ्यायची जबाबदारी हजर असलेल्या एकाची, आणि तेही लिहायचं.

दिवसाला नवी कामं पाचच्या वर नकोत. एका माणसाच्या नावावर तीनपेक्षा जास्त उघडी कामं दिसली तर चौथं देण्याआधी कोणतं मागे ठेवायचं ते त्याच्यासमोर ठरवा.

तारखा नुसत्या पुढे ढकलल्या जातात. काय करावं?

जुनी तारीख खोडायची नाही. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी नवी लिहायची. तिसऱ्यांदा तारीख बदलायची वेळ आली की दोनच पर्याय: काम रद्द, किंवा वरच्या माणसाकडे. बहुतेक वेळा अडलेलं असतं ते पैशांच्या मंजुरीपाशी किंवा मशीन मोकळं मिळण्यापाशी, आणि या दोन्ही गोष्टी त्या सुपरवायझरच्या हातात नसतात. त्याला रोज विचारत राहिल्याने हायड्रॉलिक पंप मंजूर होत नाही.

लोक उशिरा येतात. दंड ठेवावा का?

दहा रुपयांचा दंड, वडापावची पार्टी हे प्रकार आठवडाभर गमतीचे वाटतात, नंतर लोक पैसे देऊन उशिरा येतात. नऊच्या ठोक्याला सुरू करा, चार जण असले तरी. आलेल्यासाठी मागचं पुन्हा सांगू नका. ज्याचं खातं क्वालिटीच्या चार मिनिटांत हवं होतं आणि जो तेव्हा नव्हता, त्याच्या नावाचा विषय ‘बाजूला’मध्ये जातो आणि त्याला मीटिंगनंतर थांबावं लागतं. तेवढं पुरतं.

आणि मालकच उशिरा आले तर?

त्यांच्याशिवाय सुरू करायची. हे त्यांच्याशी आधी, एकट्याने बोलून ठरवून घ्या. ‘साहेब, तुम्ही नसलात तरी आम्ही नऊला चालू करतो, नऊ वीसला बोर्डाचा फोटो तुम्हाला येईल’ असं सांगितलं तर फार थोडे मालक नाही म्हणतात. आल्यावर त्यांनी शेवटच्या मिनिटात बोलावं. सुरुवातीला बोलले तर नंतरचे सगळे त्यांच्याच सुरात बोलतात.

साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापतात. याचा खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि तो आकड्यांत दिसतो. रिजेक्शन हळूहळू कमी होत जातं, पण स्क्रॅपचं वजन तेवढंच राहतं. रिवर्क झालेला पीस ओके म्हणून मोजला जातो, रात्रपाळीचे खराब नग पहिल्या पाळीच्या खात्यावर ढकलले जातात, ब्रेकडाऊन ‘सेटिंग’ म्हणून लिहिला जातो.

शोधायला दोन उपाय आहेत. रोज सकाळी रेड बिनमधले पीस मोजून बोर्डावरच्या आकड्याशी जुळवा, बिनला कुलूप आणि चावी क्वालिटीकडे. महिन्याला स्क्रॅपच्या चलनावरचं वजन एका पीसच्या वजनाने भागून नोंदलेल्या रिजेक्शनशी ताडून बघा. बर (कटिंगमधून निघणारा धातूचा कीस) वेगळी जात असेल तरच हा हिशोब जमतो. बर आणि रिजेक्ट पीस एकाच ढिगात टाकत असाल तर आधी ते वेगळं करा.

फरक मोठा निघाला तर माणसांना दोष देण्याआधी मीटिंगचा सूर बदला. वाईट आकडा स्वतःहून सांगणाऱ्याला पहिला प्रश्न ‘असं का केलं?’ नको, ‘काय लागेल?’ हवा. झापायचंच असेल तर केबिनमध्ये, दार लावून.

प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स रोज भांडतात. मशीन किती वेळ बंद होतं यावरच एकमत नसतं.

कारण दोघं वेगवेगळी वेळ मोजत असतात आणि दोघंही खरं बोलत असतात. ब्रेकडाऊन स्लिपवर या पाच वेळा लिहायला लावा: मशीन कधी थांबलं, मेंटेनन्सला कधी कळवलं, माणूस कधी पोचला, मशीन चालू करून कधी ताब्यात दिलं, पहिला ओके पीस कधी निघाला.

समजा मशीन १०:०५ ला थांबलं, १०:३० ला कळवलं, १०:४० ला फिटर आला, ११:२५ ला ताब्यात दिलं आणि पहिला ओके पीस ११:५० ला निघाला. प्रॉडक्शनच्या हिशोबी १०५ मिनिटं गेली, मेंटेनन्सच्या हिशोबी ४५. पाचही वेळा समोर असल्या की दिसतं: कळवायला २५ मिनिटं उशीर झाला, पुन्हा सेटिंगला २५ गेली, दुरुस्ती ४५ ची. आता तीन वेगळी कामं लिहिता येतात आणि पहिलं तर फिटरचा फोन नंबर मशीनवर चिकटवण्याइतकं स्वस्त आहे.

ऑपरेटरांचीही मीटिंग घ्यावी का?

घ्यावी, पाळी सुरू होताना पाच मिनिटं, लाइनवरच. आदल्या पाळीत काय बिघडलं, आज कोणता पार्ट, कोणत्या मापाकडे बघायचं, एवढंच. कंपनीची बस सहा पन्नासला येते आणि कार्ड पंच करेपर्यंत सात होतात अशी स्थिती असेल तर ही पाच मिनिटं पाळीच्या वेळेतूनच द्यावी लागतात. त्यांना लवकर या म्हणू नका, दोन दिवसांत कोणी येणार नाही.

भाषा मिश्र ठेवा. कॉन्ट्रॅक्टवरची मुलं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली असतात, तर परमनंट माणसं मावळ-खेड-जुन्नरची. मराठीत सांगून झालं की एका वाक्यात हिंदीत सांगा आणि एकाला ते परत बोलून दाखवायला लावा. मान हलवली म्हणजे समजलं असं धरू नका. पंचवीस वर्षं लेथवर काढलेल्या काकांना ट्रेनी इंजिनीअरने सगळ्यांसमोर ‘तुम्ही’ऐवजी ‘तू’ म्हटलं तर त्या लाइनवरून पुढे कोणतीच अडचण वर येणार नाही, हेही ट्रेनीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. मग मीटिंग कशाला?

ग्रुपवर बोर्डाचा फोटो टाका, गाडी निघाली ते टाका, मशीन बंद पडलं ते टाका. काम वाटून देणं तिथे करू नका. ‘ओके सर’ आणि अंगठा म्हणजे वाचलं, एवढाच अर्थ. कबूल केलं असा नाही. दुपारपर्यंत त्यावर वाढदिवसाचे केक आणि दहा फोटो येऊन पडतात आणि सकाळचं काम शोधायला अंगठा दुखेपर्यंत वर सरकावं लागतं.

माणसं कमी पडल्याचं रोज सकाळीच कळतं. याचं काय?

रोजचा आकडा नऊला कळून उपयोग नाही, तो साडेसातला सुपरवायझरने टाइम ऑफिसकडून घेऊन माणसं हलवलेली असली पाहिजेत. मीटिंगमध्ये फक्त उरलेली तूट येते.

मोठी तूट मात्र कॅलेंडरवर आधीच दिसते. गौरी-गणपतीला कोकणातली माणसं, दिवाळीनंतर छठला बिहारची मुलं, एप्रिल-मेमध्ये गावच्या जत्रा आणि लग्नं, जूनमध्ये पेरणी. छठला गेलेला मुलगा चार दिवसांत परत येत नाही, रेल्वे तिकिटाचं गणितच तसं असतं. बोर्डाच्या कोपऱ्यात पुढच्या सहा आठवड्यांची रजांची पट्टी ठेवा आणि सणाच्या तीन आठवडे आधी ‘कोणत्या पार्टचा किती स्टॉक करून ठेवायचा’ हा प्रश्न मॉर्निंग मीटिंगमध्ये आणा. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, त्या दिवशी किती वाजता मशीन थांबणार हेही आधीच लिहा, म्हणजे त्या दुपारी कस्टमरची गाडी दारात उभी राहत नाही.

साप्ताहिक मीटिंग वेगळी लागते का?

लागते. ४५ मिनिटं, बसून. रोजच्या मीटिंगमध्ये पुन्हा पुन्हा येणारी पहिली तीन कारणं, रखडलेली कामं आणि पैसे लागणारे निर्णय, बस्स. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तिथे शुक्रवारी सकाळी मशीन गरम व्हायला वेळ लागतो, मापं हलतात, सुट्टीला जोडून रजा घेतलेले असतात आणि सगळ्यांचं लक्ष फ्लोअरवर असतं. शनिवार किंवा सोमवार बरा. माहिती एकतर्फी द्यायची असेल, आकडे आलेले नसतील किंवा निर्णय घेणारा नसेल तर ही मीटिंग खुशाल रद्द करा.

रोज मिनिट्स टाइप करायला हवेत का? ऑडिटला दाखवावे लागतात.

रोज नाही. कामांची वही किंवा बोर्डाचा तारखेसह फोटो पुरतो. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये मॅनेजमेंट रिव्ह्यूची नोंद लागते आणि तो वर्षातून निदान एकदा व्हावाच लागतो, पण ती मीटिंग निराळी. ऑडिटर मॉर्निंग मीटिंगची वही उघडतो तेव्हा सुबक टायपिंग शोधत नाही. मार्चमध्ये कस्टमर कंप्लेंट आली होती, तिचं काम वहीत आहे का आणि बंद झालं का, ते बघतो.

आमचं वर्कशॉप पंधरा माणसांचं आहे. एवढं सगळं करायचं का?

नाही. एक पांढरा बोर्ड, तीन रकाने: आज काय द्यायचंय, काय अडलंय, कोण करणार. सकाळी चहाच्या आधी सात मिनिटं. चहाच्या आधी, चहासोबत नाही.

नव्याने सुरू करायची तर पहिला महिना कसा जातो?

पहिल्या आठवड्यात फक्त वेळ पाळा आणि बोर्ड पावणेनऊला भरलेला मिळतो का ते बघा. बाकी काही सुधारायला जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यात तीन वाक्यांचा नियम आणि ‘बाजूला’चा रकाना आणा. तिसऱ्यात कामांची यादी सुरू करा, आणि पहिल्याच दिवशी चाळीस जुनी कामं लिहून ती यादीच मारून टाकू नका. चौथ्यात मीटिंग चालवायची पाळी फिरती ठेवून बघा, क्वालिटीवाला चालवतो तेव्हा प्रॉडक्शनचं बोलणं आपोआप छोटं होतं.

साधारण तिसऱ्या आठवड्यात उत्साह ओसरतो, बोर्डावर कालचेच आकडे राहतात. त्या दिवशी मीटिंग घ्यायचीच, पण सगळ्यांनी बोर्डासमोर उभं राहून आकडे भरले जाईपर्यंत थांबायचं. एकदा केलं की पुरतं.

मीटिंग उपयोगाची आहे की नाही हे मोजायचं कसं?

महिन्याच्या शेवटी वहीतून तीन आकडे काढा: किती दिवस नऊला सुरू झाली, किती कामं पहिल्याच तारखेला पूर्ण झाली, आणि एकच अडचण किती वेळा परत आली. दुसरा आकडा शंभरातले सत्तर-ऐंशी असेल तर चांगलं चाललंय. शंभरातले शंभर आले तर कामं फार सोपी लिहिली जात आहेत, आणि चाळीसच्या खाली गेला तर जास्त लिहिली जात आहेत. तिसरा आकडा सर्वात महत्त्वाचा, कारण तो तारखा खोडून सुधारता येत नाही.

संचालक मंडळ किंवा अंतर्गत समितीच्या बैठकीला हेच नियम लावायचे का?

वेळ पाळणं आणि एका कामाला एक नाव, एवढं लावा. बाकी त्या बैठका कायद्याच्या चौकटीत चालतात. कंपनी कायदा २०१३ नुसार संचालक मंडळाच्या वर्षात किमान चार बैठका लागतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत ‘स्मॉल कंपनी’ असलेल्यांना दर सहामाहीत एक पुरते, पण दोन्हींत किमान ९० दिवसांचं अंतर हवं. नोटीस किमान सात दिवसांची, आणि इतिवृत्त ३० दिवसांत नोंदवहीत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि तिच्या चौकशीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. तिचं कामकाज गोपनीय असतं, त्यामुळे त्यातलं काहीही मॉर्निंग मीटिंगच्या बोर्डावर किंवा वहीत येता कामा नये.